सामान्य माणसाला प्रथमोपचार शिकवताना: काय शिकवावं, काय सोडावं आणि कुठे गाडी अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोवीस स्वयंसेवकांचा एक गट आहे. कुणालाही वैद्यकीय पार्श्वभूमी नाही. अँब्युलन्स यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरलं आहे आणि हाती आलेल्या अभ्यासक्रमात तीसेक विषय आहेत. एवढं दोन दिवसांत बसेल का आणि लोकांच्या लक्षात राहील का?

बसेल, पण लक्षात राहणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली जातील, सगळे खूश असतील, आणि चार-सहा महिन्यांनी कुणी समोर कोसळलं की त्यातलेच बरेच जण त्याच्या तोंडावर पाणी मारून हाका मारत बसतील. तीस विषय ऐकलेल्या माणसाला ऐन वेळी कुठून सुरुवात करायची हेच सुचत नाही. त्यामुळे पहिलं काम विषय कापण्याचं आहे.

प्रत्येक विषयाला एक कसोटी लावा: अँब्युलन्स यायच्या आत यानं माणूस दगावू शकतो का, आणि रिकाम्या हातांनी किंवा एखाद्या साध्या साधनानं त्यात फरक पडतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल असे प्रसंग मुख्यतः तीन उरतात. हृदय बंद पडणं, जोराचा रक्तस्राव, आणि श्वासमार्ग अडणं; मग तो घशात अडकलेल्या घासानं अडो की बेशुद्ध माणूस उताणा पडल्यामुळे. हृदय बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, गरजेनुसार तोंडाने श्वास देणं) आणि विजेचा शॉक यांपैकी काहीच मिळालं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. तुमच्याकडे अँब्युलन्सला पंधरा मिनिटं लागत असतील तर जे काही घडायचं ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातून घडणार.

आता सोडून द्यायच्या गोष्टी. नाडी तपासणं सोडा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातली धडधड जाणवते आणि त्यात मोलाचा वेळ जातो. रक्तदाब मोजणं, हाडांची नावं, बँडेजचे सात प्रकार, फळ्या बांधणं, स्ट्रेचर उचलण्याच्या पद्धती, सगळं सोडा. हे निरुपयोगी नाही, पण पुढच्या टप्प्याचं आहे. ज्यांना खरोखर गोडी लागेल ते स्वतःहून मागतील.

थोड्या तासांत कितपत साधतं, अशी शंका असेल तर दोन उदाहरणं पाहा. घानामध्ये ३३५ व्यावसायिक वाहनचालकांना फक्त सहा तासांचं प्रशिक्षण दिलं होतं, कारण तिथे अपघातातल्या जखमींना बहुतेक वेळा तेच रुग्णालयात पोहोचवत असत. नंतरच्या पाहणीत रक्तस्राव थांबवण्याचा आणि श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचा प्रयत्न करणाऱ्या चालकांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं. उत्तर इराक आणि कंबोडियातल्या भूसुरुंगग्रस्त भागांत १९९७ ते २००१ दरम्यान गावातल्या हजारो लोकांना प्राथमिक मदत शिकवली गेली आणि त्यांच्या जोडीला थोडे जास्त शिकलेले स्थानिक आरोग्यसेवक उभे केले गेले. रुग्णालय कित्येक तास दूर असूनही जखमींमधला मृत्युदर ४० टक्क्यांवरून साधारण १५ टक्क्यांवर आला. दोन्हीकडे सर्वसामान्य लोकांनी मोजक्याच गोष्टी केल्या, पण लगेच केल्या.

तुमच्या दोन दिवसांचे मी असे भाग करीन. पहिला दिवस सहा तासांचा. दुसऱ्या दिवसाचे सहा तास एकदम खर्च करू नका. त्यांचे पंचेचाळीस मिनिटांचे आठ तुकडे पाडा आणि दर तीन महिन्यांनी एक घ्या. दोन वर्षं पुरतील. छाती दाबण्याचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत लक्षात येण्याइतकं उतरतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. वर्षातून एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा थोडाथोडा सराव वारंवार केलेला टिकतो.

पहिल्या दिवसाची वाटणी: ओळख आणि प्रात्यक्षिक २० मिनिटं, परिस्थिती ओळखणं आणि फोन करणं ४०, सीपीआर आणि एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) १००, घशात अडकणं आणि कुशीवर वळवणं ४०, रक्तस्राव ७५, बाकीचे प्रसंग ४०, शेवटी सोंगं घेऊन सराव ४५. यात व्याख्यानासाठी वेगळा वेळ ठेवलेला नाही, तो मुद्दामच. चोवीस जणांचे सहा-सहाचे चार गट करा, प्रत्येक गटाला एक प्रशिक्षक द्या आणि दोन किंवा फार तर तीन जणांमागे सीपीआरच्या सरावाचा एक पुतळा ठेवा. पुतळे चारच मिळत असतील तर चोवीस जणांना एकत्र बोलावू नका. बारा-बाराच्या दोन तुकड्या करा. रांगेत उभं राहून दुसऱ्याचं पाहणाऱ्याला आपल्यालाही जमलं असं वाटतं, आणि तो भ्रम घेऊनच तो घरी जातो.

कोणतंही कौशल्य शिकवताना चार पायऱ्या घ्या. आधी प्रशिक्षकानं एक अक्षर न बोलता खऱ्या वेगानं करून दाखवायचं. मग तेच सावकाश, बोलत. मग प्रशिक्षक करतो आणि शिकणारे सांगतात, 'आता हे करा, आता ते करा'. शेवटी शिकणारा स्वतः करतो आणि स्वतःच बोलतो. बहुतेक जण तिसरी पायरी गाळतात, आणि कुणाच्या डोक्यात क्रम चुकीचा बसला आहे ते नेमकं तिथेच कळतं.

सीपीआरमध्ये सगळ्यात मोठी अडचण दाबण्याची नसते, ओळखण्याची असते. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीची काही मिनिटं अनेकदा माणूस तोंड उघडून अधूनमधून आचके देतो, घोरल्यासारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येतो. पाहणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. तसं नसतं. कधीकधी हातपाय क्षणभर झटकतात आणि लोक फिट म्हणून थांबून राहतात. म्हणून नियम असा शिकवा: हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही, आणि दहा सेकंदांत नेहमीसारखा श्वास दिसत नाही, तर हृदय बंद आहे असंच धरायचं आणि सुरू व्हायचं. 'नेहमीसारखा' हा शब्द त्यांच्या तोंडून वदवून घ्या. प्रशिक्षकानं स्वतः जमिनीवर पडून असे आचके करून दाखवावेत. हसू येतं, पण डोक्यात पक्कं बसतं. चुकून ज्याचं हृदय चालू आहे त्याची छाती दाबली गेली तर मोठी इजा होणं दुर्मीळ आहे. बंद असताना न दाबणं मात्र नक्कीच जीवघेणं.

दाबण्याचं माप: छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मागचा उंचवटा, त्यावर दुसरा हात. खोली किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या पुढे नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पाठीखाली कडक जमीन. गादीवर दाबलं तर गादीच दबते.

चुका ठरलेल्या असतात, त्यामुळे कुठे पाहायचं ते प्रशिक्षकाला आधीच ठाऊक हवं. हृदय डावीकडे असतं या समजुतीनं हात डाव्या स्तनाकडे सरकतात. कोपर वाकतात, मग दंडाच्या जोरावर दाबणारा तीस-चाळीस दाबांतच थकतो. खांदे नेमके हातांच्या वर आले आणि कोपर ताठ राहिले की शरीराचं वजन काम करतं, हडकुळा माणूससुद्धा दोन मिनिटं नीट दाबू शकतो. त्यासाठी दाबणाऱ्याचे गुडघे पडलेल्या माणसाच्या छातीला अगदी चिकटून हवेत. ते एक वीत लांब असले की पाठ वाकते आणि दाब तिरका जातो. तिसरी चूक उत्साहाची: वेग १४० च्या वर जातो आणि खोली घटते. मोबाइलवर मिनिटाला ११० ठोक्यांचा मेट्रोनोम (ठेका देणारं अ‍ॅप) लावून ठेवा. चौथी चूक बाहेरून दिसत नाही: दाबणारा दोन दाबांच्या मध्येही छातीवर रेलून राहतो, त्यामुळे छाती पूर्ण फुलत नाही आणि हृदयात रक्त परत भरत नाही. खोली दाखवणारा पुतळा नसेल तर प्रशिक्षकानं डोळे पुतळ्याच्या छातीच्या पातळीवर नेऊन पाहावं. आणि हो, प्रत्येकाकडून सलग दोन मिनिटं करून घ्या. तीस दाब मारून उठणाऱ्याला थकवा म्हणजे काय ते कळत नाही, आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा हेही कळत नाही. बदलताना पाच सेकंदांपेक्षा जास्त खंड नको. नवा माणूस समोरच्या बाजूला आधीच गुडघ्यांवर तयार बसलेला हवा.

फासळ्या मोडतात हे आधीच सांगून टाका. हाताखाली 'कट' असा आवाज आला की न सांगितलेला माणूस घाबरून थांबतो. हात जागेवर आहेत का ते पाहायचं आणि पुढे चालू ठेवायचं.

तोंडाने श्वास द्यायला शिकवावं का, यावर वाद होतात. माझं मत असं: मोठा माणूस अचानक कोसळला असेल तर नुसतं छाती दाबलं तरी चालेल, आणि एकाच दिवसाच्या प्रशिक्षणात मी आधी तेच पक्कं करीन. पण बुडालेला माणूस, लहान मूल, गळफास अशा प्रसंगांत प्राणवायूच आधी संपलेला असतो. तिथे श्वास लागतोच. तुमच्या परिसरात पाणवठा असेल किंवा गटात शिक्षक-पालक असतील तर ३० दाबांना २ श्वास हेही शिकवा. एक श्वास एक सेकंदाचा, छाती हलकेच उचलेल इतकाच. जोरानं फुंकलं की हवा पोटात जाते आणि उलटी होते. पुतळ्याची छाती उचलत नसेल तर दोनच कारणं तपासा: नाक दाबलेलं नाही किंवा डोकं मागे वळवलेलं नाही. पुतळ्याच्या तोंडावरचे मुखवटे प्रत्येकाला वेगळे द्या, ते शक्य नसेल तर दर वेळी ७० टक्के अल्कोहोलच्या कपड्यानं पुसून सुकू द्या. एका वर्षाखालच्या बाळाचं तंत्र आणि माप वेगळं असतं, खोली साधारण ४ सेंटिमीटर. ते सगळ्यांत मिसळू नका, स्वतंत्र सत्र घ्या.

एईडी स्वतःच बोलून सांगतो, त्यामुळे तो शिकवणं सोपं आहे. यंत्र आलं की आधी चालू करायचं. एक पट्टी उजव्या गळ्याच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली, छाती ओली असेल तर पुसून. अडचण एकच येते: पट्ट्या लावताना दाबणारा आदरानं बाजूला होऊन उभा राहतो. यंत्र 'स्पर्श करू नका' म्हणेपर्यंत दाबणं चालू राहिलं पाहिजे आणि शॉकनंतर लगेच पुन्हा सुरू व्हायला हवं.

रक्तस्रावाची सुरुवात एका प्रयोगानं करा. रंगीत पाणी घ्या: पाव लिटर, अर्धा लिटर, एक लिटर. फरशीवर, मातीत आणि घडी घातलेल्या कपड्यावर ओता आणि किती आहे ते ओळखायला सांगा. गुळगुळीत फरशीवर पाव लिटरसुद्धा थारोळं वाटतं; मातीत आणि जाड कपड्यात लिटरभर मुरून जातं. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि दीड लिटरच्या पुढे गेलं की जिवावर बेततं. जाड पँट घातलेल्या जखमीची पँट कापून पाहायची गरज का आहे, हे या प्रयोगानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

क्रम असा: हातमोजे (नसतील तर प्लास्टिकची पिशवी), जखम उघडी करणं, थेट दाब. दाब म्हणजे कोपर ताठ ठेवून, शरीराचं वजन टाकून, सलग दहा मिनिटं. दर मिनिटाला कापड उचलून 'थांबलं का' पाहिलं की धरू लागलेली गुठळी निघते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कापडावर कापड रचत जाणं. थर वाढले की दाब पसरतो आणि रक्त मात्र कापडात नजरेआड साठत राहतं.

जांघ, काख अशा ठिकाणच्या खोल जखमेत गॉज (जखमेसाठीचं विरळ जाळीदार कापड) भरावं लागतं. सरावासाठी दहा सेंटिमीटर जाडीचा फोमचा ठोकळा घ्या, त्यात तीन सेंटिमीटर रुंद आणि सहा-सात खोल भोक करा, तळाशी एक बारीक नळी आणा आणि तिचं दुसरं टोक उंचावर टांगलेल्या रंगीत पाण्याच्या बाटलीला जोडा. पाणी सोडा. शिकणारा गॉज वरच्यावर कोंबतो आणि पाणी कडेनं वाहतच राहतं. बोटानं चाचपून नळीचं तोंड शोधलं, गॉज थेट त्यावर टेकवून तिथूनच भोक भरत आणलं आणि वरून दोन्ही हातांनी दाबलं, की धार थांबते. छाती आणि पोटाच्या जखमांत असं काही भरायचं नाही, हे त्याच वेळी सांगा.

हातापायाची जखम दाबूनही थांबत नसेल किंवा रक्त उसळत असेल तर टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून घट्ट आवळायचा पट्टा. जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. जखम नेमकी दिसत नसेल तर त्या हातापायावर जितकं वर जाईल तितकं वर. पट्ट्याखाली खिशातल्या किल्ल्या किंवा मोबाइल येत नाहीत ना, ते पाहायचं. इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ढिलाईची आहे: पट्टा सैल ठेवून लोक दांडी पिळत सुटतात, दांडी वळतच राहते आणि रक्त थांबत नाही. आधी पट्टा हातानं इतका ओढायचा की त्याखाली बोटाचं टोकही शिरू नये. मग थोडेच पीळ पुरतात. रक्त थांबेपर्यंत पिळायचं. जखमी वेदनेनं ओरडेल, ते अपेक्षित आहे. थांबलं नाही तर पहिल्याला लागून वर दुसरा. वेळ ठळक लिहायची आणि रुग्णालयापर्यंत सैल करायचा नाही. 'मध्ये मध्ये रक्त जाऊ द्या' हा जुना सल्ला रक्त वाया घालवतो. दोन तासांपर्यंत आवळलेला टूर्निकेट सहसा सुरक्षित असतो. दोरी, वायर, बुटाची नाडी वापरू नये, ती मांसात रुतते. कमरेचा पट्टा पिळता येत नाही. काहीच नसेल तर चार-पाच सेंटिमीटर रुंद कापडाची पट्टी आणि न मोडणारी दांडी. सरावाचा टूर्निकेट आणि खऱ्या पेटीतला टूर्निकेट वेगळे ठेवा, कारण सरावानं दांडी आणि पट्टा झिजतात. एकमेकांवर सराव करताना मिनिटभरात सोडा; रक्ताची गुठळी होण्याचा त्रास असलेल्यांवर करूच नका.

घशात अडकल्यावर: खोकता येत असेल तर खोकू द्या, पाठीवर मारू नका. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा, मग बेंबीच्या वर पोटावर पाच झटके, आळीपाळीनं. गरोदर बाईला झटके छातीवर. बेशुद्ध पडल्यास सीपीआर. सरावात थापा खऱ्या माणसावर जोरानं द्यायच्या नाहीत, पोटाचे झटके तर अजिबात नाहीत. फक्त हातांची जागा दाखवा. श्वास चालू असलेला पण बेशुद्ध माणूस कुशीवर वळवणं मात्र एकमेकांवरच करा आणि आपल्यापेक्षा जड जोडीदार घ्या.

फोनचा सराव हमखास गाळला जातो. एक जण नियंत्रण कक्षातला माणूस होतो, दुसरा फोन करतो. पहिलं वाक्य ठिकाणाचं हवं, खुणेसकट. कारण फोन मध्येच कटला तरी गाडी निघू शकते. मग काय झालं आहे, किती जण आहेत. स्पीकर चालू, समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. गर्दीला 'कुणीतरी फोन करा' म्हटलं की कुणीच करत नाही. बोट दाखवून 'निळा शर्ट, तुम्ही फोन लावा; ताई, तुम्ही रस्त्यावर जाऊन गाडीला हात करा' असं मोठ्यानं म्हणायला लावा. भिडस्त माणसाला हे छाती दाबण्याहून अवघड जातं, म्हणून प्रत्येकाकडून करून घ्या.

बाकीच्या चाळीस मिनिटांत 'करा' इतकंच 'करू नका' महत्त्वाचं. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. फिट आल्यास डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर अँब्युलन्स. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं यांपैकी एकही अचानक दिसलं तर पक्षाघात धरा आणि कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. सर्पदंशात कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही नाही. अवयव हलू न देता रुग्णालय. अपघातातल्या जखमीला आग किंवा रहदारीसारखा धोका असल्याशिवाय ओढून हलवू नका. या यादीत भर घालायचा मोह होईल, तो आवरा.

शेवटच्या पाऊण तासाच्या सोंगांत मुद्दाम अडथळे घाला. गाणी लावा, एक नातेवाईक रडून हात ओढतो आहे, एक आगंतुक 'पाणी पाजा' म्हणतो आहे. घटनास्थळी एक तुटकी वायर टाकून ठेवा आणि कोण न पाहता धावतो ते बघा. लेखी परीक्षा नको. तीन वेळा घड्याळ लावा: कोसळल्यापासून पहिला दाब पडेपर्यंत, जखम दिसल्यापासून थेट दाब पडेपर्यंत, टूर्निकेट हातात आल्यापासून घट्ट होईपर्यंत. पहिले दोन आकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास आणि तिसरा एका मिनिटाच्या आत आला की चांगलं. हे आकडे नावासह लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी येताक्षणी, काहीही न शिकवता, तीच चाचणी पुन्हा घ्या. पंचेचाळीस मिनिटं कशावर घालवायची ते आपोआप ठरेल.

पेटी लहान ठेवा: हातमोज्यांचे चार जोड, गॉजचे चार रोल, दोन दाबपट्ट्या, दोन टूर्निकेट, कपडे कापायची जाड कात्री, श्वासाचा मुखवटा, मार्कर. गोळ्या आणि मलमं नकोत. एक जण जबाबदार नेमा आणि झाकणावर तपासणीची तारीख लिहा. कुलूप लावू नका.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला: सीपीआर उत्तम दिला तरी बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. हे न सांगितलेला स्वयंसेवक पहिल्या मृत्यूनंतर स्वतःलाच दोष देतो आणि पुन्हा पेटीला हात लावत नाही. खरी घटना घडली की दोन-तीन दिवसांत त्यात असलेल्यांना एकत्र बसवा. काय पाहिलं, काय केलं, कुठे अडलं एवढंच विचारा, चूक कुणाची ते विचारू नका. झोप उडणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणं महिनाभर टिकलं तर समुपदेशकाकडे पाठवा. तो कोण आणि कुठे, हे आधीच ठरवून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.